लाकडी बदकाचे डोळे

१२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, इथे सगळे ठणठणीत आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं", "हो" आणि "ठेवतो" एवढ्यात संपता. सासऱ्यांशी जरा सविस्तर बोलायचं तर सुनेला कागदच बरा.

ठकीला बसता येऊ लागलंय. तुम्ही गमतीने ठेवलेलं हे टोपणनाव आता इतकं चिकटलंय की दवाखान्यातसुद्धा तोंडातून तेच निघतं. तिला सध्या जग बघण्यात रस नाही, चाखण्यात आहे. चपलेचा पट्टा, खुर्चीचा पाय, माझं कोपर, तुमच्या चिरंजीवांचा चष्मा, सगळ्यांची चव घेऊन झाली. म्हणून परवा खेळण्यांच्या दुकानात गेले. एका डब्यावर हिरवं पान छापलेलं आणि खाली लिहिलेलं, 'निसर्गस्नेही'. मी विचारलं, "रंग कसला आहे?" दुकानदार म्हणाला, "हिरवा." दुसरं एक रबरी माकड होतं, त्याला असा वास येत होता की माझंच डोकं भणभणलं.

तुम्हाला माझी खोड माहीत आहे. वाचनालयात लोकांना इतकी वर्षं पुस्तकं शोधून दिली, आता रजेवर आहे तर स्वतःसाठी शोधतेय. प्लायवूड नको, कारण त्याच्या थरांत चिकट रसायन असतं. दुकानातलं पॉलिश नको, कसलं ते कळत नाही. ट्यूबमधला गोंद तर नकोच, फार तर साधा डिंक चालेल. एवढं सगळं टाळलं की मग उरतं काय? मला वाटतं, तुम्ही उरता.

फाउंड्रीत आयुष्यभर लाकडी पॅटर्न केलेत तुम्ही. ज्या आकाराचं लोखंड ओतायचं, त्या आकाराचा आधी लाकडाचा नमुना. मग एक लहानसं खेळणं कराल? चिरंजीव म्हणाले, "नको विचारूस. आई गेल्यापासून त्यांनी हत्यारांची पेटी उघडलेली नाही." तरी विचारतेय. नाही म्हणायचं असेल तर पत्रानेच म्हणा.

तुमची,
सूनबाई


३० सप्टेंबर

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक खोकं.

पेटी उघडली. पटाशीला गंज धरला होता, तो काढण्यातच दोन दिवस गेले. मग सुताराकडे जाऊन उरलेले तुकडे चाळत बसलो. तो म्हणाला, "काका, काय करणार?" मी म्हटलं, "ओतकाम नाही, एवढं नक्की."

आता माझी अडचण ऐक. पॅटर्न करताना आम्ही सगळ्याचा विचार करायचो. लोखंड गार होताना किती आकसेल, वाळूतून नमुना सुटेल का, कोपरा तुटेल का. पण त्या लोखंडाला कुणी चाटणार आहे असा विचार कधी केला नव्हता. त्यामुळे प्रयोग केले. बिटाच्या रसात एक तुकडा बुडवला, वाळवला, अळशीचं तेल आणि मेण चोळलं आणि तो तोंडात धरून वर्तमानपत्र उघडून बसलो. शेजारीण कांदे मागायला आली. तिला उत्तर देता येईना. आता तिचा समज झालाय की मला दाढदुखी आहे. रोज लवंग आणून देते.

बदक केलंय. पंखांना बिटाचा रंग आहे. डोळे म्हणून लाकडी मणी बसवलेत. गोंद तू म्हणालीस तसा साधा डिंकच घेतला. मला आता नीट कळव: ती आधी काय करते? धरते, चाटते की आपटते? कुठल्या बाजूने धरते? चोच बोचते का? गुळगुळीत आहे एवढं लिहू नकोस. ते मला माहीत आहे.

(अक्षर मोठं काढलंय. तुला वाचायला सोपं जावं म्हणून.)

बाबा


१५ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

बदक आलं आणि घरात दुसऱ्या कुणाला किंमत उरली नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. आधी ती बघते. बराच वेळ, एखादा पाहुणा चुकीच्या घरात शिरला असावा तशी. मग शेपटीकडून धरते आणि डोकं तोंडात घालते. मग काढते, परत बघते, काही फरक पडलाय का ते. मग आपटते. फरशीवर एक आवाज, सतरंजीवर दुसरा, तिच्या बाबांच्या गुडघ्यावर तिसरा. तिसरा तिला सगळ्यात आवडतो, कारण त्याबरोबर तुमचे चिरंजीवही ओरडतात. चोच बोचत नाही.

एक घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जीभ जांभळी! मी घाबरून तिला उचलून डॉक्टरांकडे निघाले, जिन्यात चिरंजीव भेटले. म्हणाले, "अगं, पंख बघ." पंख फिके पडले होते. ठकीने बिटाचा रस चाखून संपवला होता. मग मी ओला पांढरा रुमाल घासून पाहिला, तोही गुलाबी झाला. म्हणजे बाबा, तुमच्या तोंडात रंग टिकतो आणि तिच्या तोंडात टिकत नाही. हे कसं काय? तिला लाळ जास्त सुटते की तुम्ही वर्तमानपत्रात रमून चाखायचं विसरलात?

रंग गेला ते बरंच झालं. लाकडाचा रंग जास्त छान आहे.

तुमची,
सूनबाई


२ नोव्हेंबर

चि. सूनबाई,

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. फरशी, सतरंजी आणि गुडघा यांचे वेगळे आवाज! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मी बदक, घोडा आणि कासव वेगवेगळ्या लाकडांत करतोय, म्हणजे वाजण्यात फरक पडेल. रंग बंद. लाळेबद्दल तुझं खरं असावं. माझं तोंड म्हातारं आहे, कोरडं पडतं. तपासनीस म्हणून मी नालायक.

आणि एक बातमी. गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे. तिथल्या बाई रस्त्याने जाताना माझ्या खिडकीशी थांबल्या. म्हणाल्या, "काका, आमच्याकडे सगळी प्लास्टिकची मोडकी खेळणी आहेत. अशी काही आम्हाला कराल?" मी लगेच हो म्हटलं. सकाळी उठलो की आता कामाला काहीतरी असतं. तुझ्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, घरभर भुसा केलात, पण जेवायला वेळेवर येऊ लागलात.

बाबा


२० नोव्हेंबर

प्रिय बाबा,

पत्राला उशीर झाला. इथे थोडी धावपळ होती. आता सगळं ठीक आहे.

तुम्हाला डोळ्यांबद्दल विचारायचं होतं. भरवशाचे आहेत ना? तुम्ही स्वतःच तपासता की कुणाकडून तपासून घेता? मला उगाच बरं वाटावं म्हणून काही लपवू नका. चिरंजीवांनाही काळजी वाटतेय, पण ते तुम्हाला विचारणार नाहीत. म्हणतात, तुम्ही आत्ता कुठे सावरताय. मला मात्र राहवत नाही.

ठकी मजेत आहे.

तुमची,
सूनबाई


२७ नोव्हेंबर

सूनबाई,

डोळ्यांचं तुला कुणी सांगितलं? शेजारणीने? तिला मी ताकीद दिली होती की माझ्या घरची गोष्ट बाहेर जाता कामा नये. की त्या चष्म्याच्या दुकानदाराने चिरंजीवांना फोन केला?

कळलंच आहे तर ऐक. मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, दिव्याभोवती कडं दिसतं. तुझी पत्रं शेजारीण वाचून दाखवते. अक्षर मोठं का काढतो ते आता वेगळं सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन आहे, करून टाका. करीन की. घाई काय आहे? लाकूड मला बोटांनी दिसतं. फाउंड्रीतही शेवटचा हात आम्ही डोळे मिटूनच फिरवायचो, खरबरीतपणा डोळ्यांपेक्षा तळव्याला लवकर कळतो.

तुम्ही दोघांनी माझी काळजी करायची, आणि ती माझ्यामागे आपसात करायची, हे मला आवडलेलं नाही. डोळे माझे आहेत.

पाळणाघराची खेळणी तयार झाली आहेत. बदकं, घोडे, कासवं. सोमवारी नेऊन देणार आहे. बाईंनी मुलांना आधीच सांगून ठेवलंय. मुलं दारात वाट बघत उभी राहतात म्हणे.

बाबा


१ डिसेंबर

प्रिय बाबा,

काल तुमचं पत्र मिळाल्या मिळाल्या फोन केला. "खेळणी देऊ नका" एवढं मी म्हणाले आणि फोन बंद झाला. नंतर तुम्ही उचलतच नाही आहात. शेजारच्या काकूंच्या फोनवर निरोप ठेवलाय की निदान पाळणाघराला थांबवा. बाकीचं इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला ते पुन्हा ऐकता येईल.

बाबा, मी विचारलं होतं ते बदकाच्या डोळ्यांबद्दल. तुमच्या डोळ्यांचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. काकूंना रागावू नका.

नोव्हेंबरात एका दुपारी ठकी सतरंजीवर बदक घेऊन बसली होती. मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होते. एकदम तिचा आवाज थांबला. खोकलाही नाही. बघते तर तोंड उघडं, चेहरा लाल आणि हात हवेत. मी तिला हातावर पालथी घेतली, डोकं खाली, आणि पाठीवर जोरात थापट्या मारल्या. किती मारल्या ते आठवत नाही. मग काहीतरी टपकन फरशीवर पडलं आणि ठकीने असा टाहो फोडला की आयुष्यात इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं.

फरशीवर बदकाचा डोळा होता.

डॉक्टरांनी तपासलं. घसा ठीक, छाती ठीक. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. टिश्यूपेपरच्या गुंडाळीची आतली पुठ्ठ्याची नळी घ्यायची. ज्या वस्तू त्या नळीतून आरपार जातात, त्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायच्या नाहीत. आणि खेळण्याचा जो भाग सुटू शकतो, तो सुटणारच आहे असं धरून चालायचं. घरी आल्यावर मी झपाटल्यासारखी घरातली प्रत्येक वस्तू नळीत घालून पाहिली.

चिरंजीव म्हणाले, "बाबांना कळवायचं नाही. त्यांचा हात पुन्हा थांबेल." म्हणून मी आडून विचारलं, आणि तेही इतकं वाईट विचारलं की तुम्हाला भलतंच वाटलं. पण पाळणाघराची खेळणी सोमवारी देणार हे वाचलं आणि ठरवलं, हात थांबला तरी चालेल.

तुमच्यावर राग नाही. पण मला खरंच जाणून घ्यायचंय, तो डोळा सुटला कसा? तुमच्या हातचं काही कधी सुटत नाही.

तुमची,
सूनबाई


१८ डिसेंबर

चि. सूनबाई,

त्या दिवशी फोन मी ठेवला नाही. तो हातातून पडला. कारण खेळणी मी देऊन आलो होतो. मुलं वाट बघत होती म्हणून सोमवारपर्यंतही थांबलो नव्हतो. मग फोन तिथेच टाकून तसाच निघालो.

पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "काका, दिलेली खेळणी परत घेता?"

"हो. आत्ताच्या आत्ता."

त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्या लगेच आत वळल्या. आम्ही दोघांनी मिळून एक सोडून सगळी खेळणी गोळा केली. एका घोड्याचा एक डोळा नव्हता.

सूनबाई, त्या खोलीत मुलं रांगत होती. बाईंनी एकेकाला उचलून तोंडं तपासली. सगळी मुलं नेहमीसारखी खेळत होती, एक तर मला बघून हसत होतं. बाई सतरंज्या झटकत होत्या आणि मी गुडघ्यांवर बसून तळव्याने जमीन चाचपत होतो. मला तो मणी समोर असता तरी दिसला नसता. शेवटी तो एका बाळाच्या मोज्याच्या दुमडीत सापडला. बाईंनी माझ्या हातात ठेवला. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो.

शेवटचा घोडा एका मुलीने काखेत दाबून धरला होता. मी म्हटलं, "याला बरं नाहीये. डॉक्टरकडे न्यायचंय."

"सुई देणार?"

"नाही. फक्त डोळे तपासणार."

मी हात पुढे केला. तो घोड्याच्या बाजूने हवेतच गेला. तिने घोडा हळूच माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "तुमचे पण तपासणार?"

हो म्हटलं. मुलांना दिलेला शब्द मोडता येत नाही.

आता तुझा प्रश्न. घरी येऊन एक बदक कोमट पाण्यात ठेवलं. दुपारचा चहा होईपर्यंत दोन्ही डोळे सुटून पाण्यात. डिंक पाण्यात विरघळतो हे मला ठाऊक होतं. वरून मेण चोळलं की पाणी आत शिरणार नाही असं धरलं होतं. पण ठकी नुसती चाटत नाही, चघळते. तिने मेण खरवडलं आणि मग लाळ हळूहळू आत गेली. तुझ्या पत्रात 'डोकं तोंडात घालते' हे वाचून घेतलं होतं, हसलोही होतो. तेव्हाच पेटायला हवी होती ट्यूब.

पण त्याच्याही आधीचं एक आहे. असा मणी नुसता चिकटवायचा नसतोच. त्याला मागे खुंटी ठेवायची, लाकडात भोक पाडायचं आणि खुंटी ठोकून बसवायची. ते भोक बारीक असतं. मला ते दिसेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा गिरमिट भलतीकडे गेलं. मग चिकटवून टाकले. कुणाला सांगितलं नाही.

आता चिकटवायचं, ठोकायचं सगळं बंद. सोबत नवं बदक आहे. एकाच लाकडाचं, एका तुकड्याचं. डोळेच नाहीत. नळीत घालून बघ, डोकंसुद्धा जाणार नाही. पाळणाघराच्या बाईंनाही एक नळी नेऊन दिली.

ऑपरेशनची तारीख घेतली आहे. आधी उजवा.

बाबा


५ जानेवारी

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि भाजी करपली.

डिंक वापरा असं सांगितलं कुणी? मी. ट्यूबमधलं रसायन ठकीच्या पोटात जाईल ही भीती मला होती, मणी जाईल ही नव्हती. डब्यावरचं हिरवं पान बघून मी दुकानदाराला हसले आणि स्वतः मात्र 'साधा', 'नैसर्गिक' एवढं म्हणून निश्चिंत झाले. चिरंजीव म्हणतात, तुम्ही दोघं आता चूक कुणाची यावरून भांडू नका, वाटून घ्या.

नवं बदक नळीत जात नाही. पाण्यातही ठेवून पाहिलं. रुमालही घासला. तुमची सून आहे, विश्वास ठेवत नाही.

आणि एक नवल सांगायचंय. ठकीला बदक दिलं तेव्हा मला वाटलं, डोळे नाहीत म्हणून तिला ते ओंडक्यासारखं वाटेल. तिने ते उलटंसुलटं फिरवलं, मग खाली ठेवलं आणि माझ्या ताटातला भाताचा गोळा उचलून त्याच्या चोचीला लावला. शेपटीला नाही, बरोबर चोचीला. तोंड कुठे असतं हे तिला कुणी सांगितलं? मी मुद्दाम बदक वळवून ठेवलं. तिने पुन्हा चोच शोधली. आता रोज ते बदक आमच्याबरोबर जेवतं आणि मी रोज चोच धुते.

ऑपरेशनला चिरंजीव येताहेत. नको म्हणू नका, त्यांनी रजा टाकली आहे.

तुमची,
सूनबाई


२६ जानेवारी

चि. सूनबाई,

हे पत्र मी स्वतः लिहितोय आणि स्वतः वाचतोय. ओळी सरळ आल्यात का बघ.

उजव्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा समोर चिरंजीव उभे होते. मी म्हटलं, "दाढीला काय लागलंय?" म्हणाला, "काही नाही, बाबा. पिकलीय." माझ्या पोराची दाढी पिकली आणि मला पत्ताच नाही.

घरी आलो. भिंतीवर ओल आली आहे. शेजारणीच्या कपाळावर केवढाली आठी आहे, ती इतके दिवस मला फक्त ऐकू येत होती. आणि माझी खेळणी! बोटांना रेशमासारखे वाटणारे ते घोडे बघितले तर पटाशीचे वार दिसतात. हसू आलं. पुन्हा घासायला घेतली आहेत. पाळणाघराच्या बाई रोज खिडकीशी थांबून विचारतात, झाली का? मी सांगतो, आधी पाण्यातून निघू देत.

आता एक गोष्ट, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही उन्हाळ्यात ठकीला घेऊन आला होता. मी तिला मांडीवर घेतलं होतं. सगळे तिचं नाक कुणासारखं यावरून वाद घालत होते, तेव्हा मलाही विचारलंत. मी म्हटलं, "आईसारखं आहे." तो अंदाज होता, सूनबाई. मला नाक दिसतच नव्हतं. तिचं वजन कळत होतं, डोक्याचा वास येत होता, माझा अंगठा तिने घट्ट धरला होता. पण चेहऱ्याच्या जागी नुसता एक उजळ गोळा होता. नातीला मांडीवर घेऊनही मी अजून तिला पाहिलेलं नाही.

डावा डोळा पुढच्या महिन्यात. पण तेवढ्यासाठी थांबायची गरज नाही. एका डोळ्याने पुरे. या.

बाबा


२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. ठकीला वर दोन दात आलेत, तेव्हा अंगठा सांभाळा.

नाक अजिबात माझ्यासारखं नाही. पण कुणासारखं आहे ते इथे लिहिणार नाही. तुम्हीच बघा आणि सांगा.

तुमची,
सूनबाई